रेषेखालचा रस्ता : चाल-काल आलेखांच्या अभ्यासाची प्रस्तावना

नागपूरहून वर्ध्याला निघालेली एसटी बुटीबोरी मागे टाकते, केळझरला थांबते आणि पुढे सेलू, पवनार करत वर्ध्याला पोहोचते. केळझर नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे, वर्ध्यापासून सुमारे २५. टेकडीवरच्या सिद्धिविनायकामुळे ते विदर्भाच्या अष्टविनायकांत गणले जाते. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, बकासुराचा वध भीमाने इथेच केला, असे गावची आख्यायिका सांगते. या गावातल्या नववीच्या मुलामुलींना डोळ्यांसमोर ठेवून ही पुस्तिका लिहिली आहे. त्यांच्या दारावरून जाणारी एसटी, ट्रक आणि सायकल ही तिची प्रयोगशाळा आहे. तिचा विषय एकच आकृती आहे : आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर चाल आणि त्यांच्यामध्ये वर चढणारी, सपाट धावणारी, खाली येणारी एक रेषा.

या आकृतीत गाडीच्या प्रवासाची तीन उत्तरे असतात. एखाद्या क्षणी गाडी किती जोरात धावत होती, हे रेषेची उंची सांगते. ती चाल किती झपाट्याने बदलत होती, म्हणजे त्वरण किती होते, हे रेषेचा चढ सांगतो. आणि गाडीने किती अंतर कापले, हे रेषेखालचे क्षेत्रफळ सांगते. उंची, चढ आणि क्षेत्रफळ या तीन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या, तर गतीचा धडा निम्मा समजला असे मी मानतो.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘गतीचे नियम’ या प्रकरणात हा आलेख येतो. गतीची समीकरणेही तिथे आलेखावरूनच काढून दाखवलेली आहेत. परीक्षेच्या धावपळीत मात्र त्या पानांतले एकच वाक्य मुलांच्या हाती उरते : आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे अंतर. ते पाठ होते, त्यावर गुणही मिळतात. पण क्षेत्रफळ म्हणजे अंतर का, असे विचारले की वर्ग शांत होतो. हा प्रश्न अगदी रास्त आहे. क्षेत्रफळ चौरस सेंटीमीटरमध्ये मोजायचे, अंतर मीटरमध्ये किंवा किलोमीटरमध्ये. कागदावरची जागा रस्त्याची लांबी कशी होते? या पुस्तिकेचा सगळा भर या एका प्रश्नावर आहे. नियम खरा आहे एवढे सांगून पुढे जाणे मला पटत नाही. त्या नियमाचे कारण मुलांना स्वतः सापडले पाहिजे आणि ते सापडण्याइतके सोपे आहे.

सर्वांत साध्या गतीपासून सुरुवात करू. एक गाडी एका तालात, ताशी ६० किलोमीटर चालीने, दोन तास धावली. अंतर किती, हे चौथीतले मूलही सांगेल : ६० गुणिले २, म्हणजे १२० किलोमीटर. आता हीच गोष्ट आलेखावर काढा. चाल बदलत नाही, म्हणून रेषा आडवी. तिच्याखाली एक आयत तयार होतो. त्याची उंची ताशी ६० किलोमीटर, रुंदी २ तास. आयताचे क्षेत्रफळ काढताना आपण उंची आणि रुंदी यांचा गुणाकार करतो, आणि अंतर काढतानाही चाल आणि वेळ यांचाच गुणाकार केला होता. दोन्हीकडे गुणाकार एकच आहे. आयताची एक बाजू मीटर नसून ‘किलोमीटर प्रतितास’ आहे आणि दुसरी ‘तास’ आहे. गुणाकारात तासाने तास जातो आणि किलोमीटर उरतो. या कागदावरच्या चौकटीची किंमत चौरस सेंटीमीटरमध्ये नसते, अक्षांवर लिहिलेल्या एककांनी ती ठरते.

म्हणून या पुस्तिकेतल्या प्रत्येक उदाहरणात पहिले काम चौकटीची किंमत काढण्याचे आहे. आलेख कागदावर आडवा एक सेंटीमीटर म्हणजे १० सेकंद आणि उभा एक सेंटीमीटर म्हणजे ५ मीटर प्रतिसेकंद धरले, तर एका चौरस सेंटीमीटरची किंमत ५० मीटर. हे एकदा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवले की रेषेखालच्या चौकटी मोजून अंतर सांगता येते. एककांची गफलतही तिथेच पकडली जाते. ताशी ६० किलोमीटर चालीने १० मिनिटे गेलेल्या गाडीचे अंतर कुणी ६०० लिहिले, तर त्याने तास आणि मिनिटे एकाच गुणाकारात मिसळली आहेत. १० मिनिटे म्हणजे तासाचा सहावा भाग, म्हणून अंतर १० किलोमीटर.

चाल बदलू लागली की आयत पुरत नाही. इथे शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला एक गोष्ट आधीपासून ठाऊक असते. नाल्याच्या काठचे वाकडेतिकडे शेत मोजायचे झाले, तर मोजणीदार त्याचे तुकडे पाडतो. कुठे आयत, कुठे त्रिकोण, कुठे समलंब चौकोन. तुकड्यांची बेरीज केली की एकर आणि गुंठे हाती येतात. आलेखाखालची जागाही अशीच मोजायची. फरक एवढाच की इथे बेरजेत गुंठ्यांऐवजी मीटर मिळतात.

एक पूर्ण उदाहरण घेऊ. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी निवडले आहेत. केळझरच्या थांब्यावरून एसटी सुटते. ३० सेकंदांत तिची चाल शून्यापासून १५ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर होते. मग ती २४० सेकंद त्याच चालीने जाते. पुढचा थांबा दिसताच चालक ब्रेक दाबतो आणि १५ सेकंदांत गाडी उभी राहते. आलेखावर तीन तुकडे दिसतील : चढती रेषा, आडवी रेषा, उतरती रेषा. तिन्ही मिळून एक समलंब चौकोन होतो.

आधी चढ पाहू. पहिल्या तुकड्यात ३० सेकंदांत चाल १५ ने वाढली. १५ भागिले ३०, म्हणजे त्वरण ०.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग. याचा साधा अर्थ असा की प्रत्येक सेकंदाला गाडीची चाल अर्ध्या मीटर प्रतिसेकंदाने वाढत गेली. ‘प्रतिसेकंद वर्ग’ हे एकक ऐकून मुले बिचकतात, कारण वर्ग केलेला सेकंद कुणी पाहिलेला नसतो. ‘दर सेकंदाला इतके मीटर प्रतिसेकंद’ असे मोकळे करून वाचले की भीती जाते. मधल्या तुकड्यात रेषा आडवी, चढ शून्य, म्हणून त्वरणही शून्य. चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर आहे, इंजिनाचा आवाज येतो आहे, गाडी जोरात धावते आहे आणि तरीही त्वरण शून्य आहे. हे मनाला पटायला वेळ लागतो, तो वेळ द्यावा. शेवटच्या तुकड्यात १५ सेकंदांत चाल १५ ने घटली. त्वरण उणे १ मीटर प्रतिसेकंद वर्ग. उणे चिन्ह गाडी मागे जाते असे सांगत नाही, चाल घटते एवढेच सांगते. उतरती रेषा चढत्या रेषेपेक्षा दुप्पट तीव्र आहे. सुटतानाच्या झोक्यापेक्षा ब्रेकचा धक्का उभ्या प्रवाशाला अधिक जाणवतो तो याच कारणाने.

आता क्षेत्रफळ. पहिला त्रिकोण : पाया ३०, उंची १५, निम्मे केले की २२५ मीटर. मधला आयत : २४० गुणिले १५, म्हणजे ३६०० मीटर. शेवटचा त्रिकोण : पाया १५, उंची १५, निम्मे केले की ११२.५ मीटर. एकूण ३९३७.५ मीटर, म्हणजे चार किलोमीटरला थोडे कमी. लागलेला वेळ २८५ सेकंद. अंतराला वेळेने भागले की सरासरी चाल सुमारे १३.८ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ५० किलोमीटरच्या आसपास. काट्यावर ५४ दिसत होते आणि सरासरी ५० आली, कारण सुटताना आणि थांबताना गेलेला वेळही हिशेबात आहे. खेडोपाडी थांबत जाणारी एसटी आणि न थांबणारी गाडी यांच्या पोहोचण्याच्या वेळेत एवढा फरक का पडतो, याचे उत्तर या दोन त्रिकोणांत आहे. प्रत्येक थांबा आलेखाच्या सलग आयतातून एक खाच कापून नेतो.

त्रिकोणात ‘निम्मे’ कुठून आले, यावर थोडे थांबायला हवे, कारण माणसाला हे निम्मे समजायला फार काळ लागला. शून्यापासून १५ पर्यंत एकसारखी वाढत गेलेली चाल आणि पूर्ण वेळ ७.५ वर स्थिर राहिलेली चाल, दोन्हींत अंतर सारखेच पडते. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या विद्वानांनी हा नियम मांडला. त्यांच्याजवळ चाल मोजण्याचे यंत्र नव्हते, सेकंद मोजणारे घड्याळही नव्हते. त्यांनी तो निव्वळ तर्काने काढला. त्याच शतकाच्या मध्यावर फ्रान्समधल्या निकोल ओरेम याने त्याचे चित्र काढले. वेळेसाठी एक आडवी रेषा, तिच्यावर प्रत्येक क्षणाच्या चालीइतकी उभी रेषा, आणि या उभ्या रेषांनी भरलेली जागा म्हणजे एकूण अंतर. एकसारखी वाढणारी चाल असेल तर त्रिकोण होतो. त्या त्रिकोणाचा वरचा शेंडा कापून खालच्या रिकाम्या कोपऱ्यात बसवला की निम्म्या उंचीचा आयत तयार होतो. पुठ्ठा आणि कात्री घेऊन हे वर्गात करता येते. नियमाची सिद्धता तेवढीच आहे.

१६३८ साली प्रसिद्ध झालेल्या गॅलिलिओच्या ग्रंथात हाच त्रिकोण पडणाऱ्या वस्तूला लावलेला दिसतो. त्रिकोणाच्या पायाचे सारखे भाग पाडले, तर पहिल्या भागात एक लहान त्रिकोण बसतो, दुसऱ्यात तेवढेच तीन, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात. म्हणून स्थिर अवस्थेतून सुटलेली वस्तू पहिल्या सेकंदात जेवढी पडते, त्याच्या तिप्पट दुसऱ्या सेकंदात पडते आणि पाचपट तिसऱ्या सेकंदात. गॅलिलिओने हे उतरत्या फळीवरून गोळा सोडून पडताळून पाहिले. नवव्या इयत्तेतल्या मुलीला आलेख कागदावर हे त्रिकोण मोजून १, ३, ५, ७ ही रांग स्वतः मिळवता येते. त्या क्षणी ती शिकते ते कुणाच्या शब्दावर विसंबून नव्हे.

चढाच्या बाजूची गोष्ट आपल्याच भूमीत सांगता येते. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा आणि ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ ११५० सालचा. चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि त्याचा शिलालेख आजही भास्कराचार्यांच्या अभ्यासकांचा मोठा आधार आहे. ग्रहांची गती काढताना भास्कराचार्यांनी एक महत्त्वाचा भेद केला. ग्रह काल कुठे होता आणि आज कुठे आहे, या फरकावरून मिळते ती दिवसभराची स्थूल गती. पण चंद्रासारख्या झपाट्याने गती बदलणाऱ्या ग्रहाला ती पुरत नाही, तिथे त्या क्षणाची गती हवी. तिला त्यांनी तात्कालिकी गती म्हटले. एसटीची सरासरी चाल आणि काट्यावर या क्षणी दिसणारी चाल यांतला फरक नेमका हाच आहे. केळझरच्या मुलांना हा भेद सांगताना तो आठ-नऊशे वर्षांपूर्वी आकाशाकडे पाहून केला गेला होता, हे त्यांना कळायला हवे. पुढे न्यूटन आणि लायब्निझ यांनी सतराव्या शतकात चढ आणि क्षेत्रफळ या दोन विचारांना एका शास्त्रात बांधले. एका आलेखाचा चढ काढून जे मिळते, त्याचे क्षेत्रफळ घेतले की पुन्हा मूळ गोष्टीकडे येता येते. अकरावी-बारावीत भेटणारे विकलन आणि संकलन ते हेच. नववीतला हा आलेख म्हणजे कलनशास्त्राचे पहिले पाऊल आहे. त्याचे नाव तेव्हा सांगितले जात नाही एवढेच.

आता चुका कुठे होतात ते पाहू, कारण चांगल्या शिक्षकाला उत्तराइतकीच चूकही ओळखता यायला हवी. गतीचे आलेख वाचताना विद्यार्थी कुठे अडखळतात, यावर जगभर बारकाईने संशोधन झाले आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅक्डरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली या अडचणींची मांडणी केली. तिथल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या आणि आपल्या नववीच्या मुलांच्या चुका आश्चर्य वाटावे इतक्या सारख्या आहेत.

पहिली चूक आलेखाला चित्र समजण्याची. सिद्धिविनायकाच्या टेकडीवर सायकल चढवणाऱ्या मुलाचा चाल-काल आलेख काढा, असे सांगितले की बरीच मुले टेकडीच काढतात : आधी चढती रेषा, मग उतरती. खरे तर चढावर सायकल मंदावते, म्हणून रेषा खाली येते. माथ्यावर ती सर्वांत खाली असते आणि उतारावर झपाट्याने वर जाते. आलेख टेकडीच्या जवळजवळ उलटा दिसतो. हा एक अभ्यास नीट करून घेतला, तर मूल पुढे कधीही रस्त्याचा आकार आणि आलेखाचा आकार यांची गल्लत करणार नाही. म्हणून पुस्तिकेत तो पहिल्याच पाठात ठेवला आहे आणि आधी टेकडीवर जाऊन मग कागद हातात घ्यावा, अशी विनंती आहे.

दुसरी चूक उंची आणि क्षेत्रफळ यांच्यातली. दोन गाड्यांच्या रेषा एकमेकींना छेदतात, तेव्हा ‘गाड्या एकमेकींना भेटल्या’ असे उत्तर येते. त्या क्षणी त्यांची चाल सारखी झाली, एवढेच तो छेद सांगतो. भेट कधी झाली हे कळायला दोन्ही रेषांखालची क्षेत्रफळे सारखी कधी होतात ते पाहावे लागते. मागून सुटलेली गाडी पुढच्या गाडीची चाल गाठते तेव्हा ती अजून मागेच असते; खरे तर तिथपर्यंत दोघींमधले अंतर वाढतच गेलेले असते. कमी होणे तिथून सुरू होते. तिसरी चूक अंतर-काल आलेखाची सवय चाल-काल आलेखाला लावण्याची. अंतर-काल आलेखात आडवी रेषा म्हणजे गाडी उभी. चाल-काल आलेखात आडवी रेषा म्हणजे गाडी एका तालात धावते आहे. दोन्हींत रेषा तीच दिसते, पण उभ्या अक्षावर काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. चौथी गोष्ट दिशेची. वर्ध्याला जाऊन केळझरला परतलेल्या गाडीने अंतर सुमारे ५० किलोमीटर कापले, पण तिचे विस्थापन शून्य. चालीच्या आलेखात सगळे क्षेत्रफळ अक्षाच्या वर असते आणि त्याची बेरीज अंतर देते. वेगाच्या आलेखात परतीचा प्रवास अक्षाखाली जातो आणि वजा होऊन विस्थापन देतो.

आलेख समजला की समीकरणे पाठ करण्याचे ओझे उतरते. सुरुवातीचा वेग u, शेवटचा v, त्वरण a, वेळ t आणि अंतर s ही पुस्तकातली अक्षरे घेऊन पाहा. रेषेचा चढ a असेल, तर t वेळात ती at इतकी वर चढते. म्हणजे शेवटची उंची u अधिक at. पहिले समीकरण झाले. रेषेखालच्या समलंब चौकोनाचे दोन तुकडे करा. खालच्या आयताचे क्षेत्रफळ ut, वरच्या त्रिकोणाचे अर्धे at². त्यांची बेरीज s. हे दुसरे समीकरण. तोच समलंब चौकोन सरासरी उंचीने मोजला आणि वेळेच्या जागी (v − u) भागिले a लिहिले, की v² = u² + 2as हे तिसरे समीकरण मिळते. तिन्ही सूत्रे एका आकृतीची तीन वाचने आहेत. सूत्र विसरले तरी आकृती काढता येते आणि आकृती काढता आली की सूत्र परत येते. परीक्षेतही हीच गोष्ट कामी येते.

खरी एसटी मात्र सरळ रेषेत चालत नाही. गिअर बदलताना चाल अडते, गतिरोधकावर घसरते, ट्रकला मागे टाकताना वाढते. तिचा आलेख वळणांचा असतो. तिथे तुकडे पाडण्याची युक्ती आणखी बारीक करायची. समजा, सुटल्यापासून दर १० सेकंदांनी काट्यावरची चाल लिहून घेतली आणि मीटर प्रतिसेकंदात ती ०, ४, ८, ११, १३, १४ अशी भरली. प्रत्येक दोन नोंदींची सरासरी घ्या : २, ६, ९.५, १२, १३.५. प्रत्येकीला १० ने गुणून बेरीज केली की ४३० मीटर. नोंदी १० सेकंदांऐवजी दर २ सेकंदांनी घेतल्या, तर उत्तर आणखी अचूक येईल. चढही बदलताना दिसतो : पहिल्या १० सेकंदांत त्वरण ०.४, शेवटच्या १० सेकंदांत ०.१. चाल वाढत गेली, पण वाढीचा जोर ओसरत गेला. वळणाच्या एखाद्या बिंदूवर नेमके त्वरण हवे असेल, तर तिथे स्पर्शिका काढायची आणि तिचा चढ मोजायचा.

गाडीच्या फलकावर हा सगळा हिशेब सतत चालू असतो. चालीचा काटा प्रत्येक क्षणाची उंची दाखवतो. त्याच्याजवळचे किलोमीटरचे आकडे आजवर साठलेले क्षेत्रफळ दाखवतात. चालीचे यंत्र बिघडले तरी वेळ आणि किलोमीटर लिहून सरासरी चाल काढता येते; किलोमीटरचे यंत्र बिघडले तर चालीच्या नोंदींवरून अंतर काढता येते. रेल्वेच्या इंजिनांतही चाल नोंदवणारे यंत्र असते. नागपूरकडून सिंदी, सेवाग्रामच्या दिशेने धावणाऱ्या गाडीच्या चालकाने कुठे चाल वाढवली, कुठे मर्यादा पाळली, ब्रेक किती आधी लावला, हे त्या नोंदीवरून वाचता येते. मोबाइलमधले चाल दाखवणारे ॲपही हेच काम करते. ते हाती असेल तर प्रवासी मुलाने खिडकीशी बसून नोंदी घ्याव्यात. नोंदी घेण्याचे काम प्रवाशाचे. वाहन चालवणाऱ्याने त्याकडे पाहूही नये.

ब्रेकचा पाठ पुस्तिकेत सर्वांत मोठा आहे. त्याचे कारण केळझरच्या दोन्ही अंगांना आहे. गावावरून नागपूर-वर्धा हमरस्ता जातो आणि याच सेलू तालुक्याच्या परिसरातून समृद्धी महामार्ग गेला आहे. ७०१ किलोमीटरच्या त्या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी तो मुंबईच्या दिशेने पूर्ण झाला. सपाट भागात मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. ही चाल म्हणजे काय, हे आलेखावर पाहावे.

धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरू. त्या सेकंदात गाडी पूर्वीच्याच चालीने जाते. आलेखावर हा एक अरुंद आयत. मग ब्रेक लागतो, चाल दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंदाने घटते आणि आलेखावर त्रिकोण तयार होतो. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे १० मीटर प्रतिसेकंद असताना आयत १० मीटरचा, त्रिकोण १० मीटरचा. गाडी २० मीटरमध्ये थांबते. ताशी ७२ असताना आयत २० मीटरचा, त्रिकोण ४० मीटरचा, एकूण ६०. ताशी १०८ असताना आयत ३०, त्रिकोण ९०, एकूण १२०. चाल तिप्पट झाली आणि थांबण्याचे अंतर सहापट झाले. ताशी १२० ला ते सुमारे १४४ मीटरवर जाते. रस्ता ओला असेल आणि ब्रेकची पकड निम्मी राहिली, तर त्रिकोण दुप्पट होतो.

असे का होते, ते आकृतीत स्पष्ट दिसते. चाल दुप्पट केली की त्रिकोणाची उंची दुप्पट होते, पण ती चाल उतरवायला वेळही दुप्पट लागतो, म्हणून पायाही दुप्पट होतो. क्षेत्रफळ चौपट. माणसाचा अंदाज इथेच फसतो. त्याला वाटते, थोडी चाल वाढवली तर थोडेसेच अंतर वाढेल. रस्त्यावरच्या फलकावर मर्यादेचा आकडा लिहिलेला असतो, त्याचे कारण लिहिलेले नसते. नववीतल्या मुलाने ते कारण घरी जाऊन मोटारसायकल चालवणाऱ्या काकाला, ट्रक चालवणाऱ्या वडिलांना चार रेषा काढून समजावून सांगावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. शाळेतल्या गणिताने एखाद्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून थोडा आधी उचलला गेला, तर त्याहून मोठे सार्थक मला ठाऊक नाही.

पुस्तिकेची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या पाठात अक्ष, एकके आणि चौकटीची किंमत, सोबत टेकडीवरची सायकल. दुसऱ्यात आडवी रेषा आणि आयत. तिसऱ्यात चढ आणि त्वरण. चौथ्यात त्रिकोण, समलंब चौकोन आणि गतीची समीकरणे. पाचव्यात वळणाचे आलेख आणि विद्यार्थ्यांनी स्वतः घेतलेल्या नोंदी. सहावा पाठ ब्रेकचा. शिक्षकांना एक आग्रहाची सूचना : आकडे देण्याआधी गोष्ट द्या. ‘बस सुटली, ट्रकमागे अडकली, वाट मिळताच पुढे गेली, थांबली’ एवढे सांगून मुलांना हाताने अंदाजाची रेषा काढू द्या. मग उलटे करा, रेषा द्या आणि गोष्ट सांगायला लावा. दोन्ही दिशांनी जाता आले की मगच आकडेमोड. विद्यार्थ्यांना सूचना एवढीच की प्रत्येक आलेखाला तीन प्रश्न ठरवून विचारा : उंची किती, चढ किती, क्षेत्रफळ किती, आणि तिन्हींची एकके कोणती.

ही सवय गतीच्या धड्यापुरती राहणार नाही. बोर धरणातून कालव्यात पाणी सुटते, त्याच्या दराचा वेळेशी आलेख काढला तर रेषेखालचे क्षेत्रफळ म्हणजे सुटलेले एकूण पाणी. घरातल्या विजेच्या वापराचा किलोवॉटमध्ये आलेख काढला तर क्षेत्रफळ म्हणजे बिलावरचे युनिट. पावसाच्या जोराचा आलेख काढला तर क्षेत्रफळ म्हणजे पडलेला पाऊस. जिथे जिथे काहीतरी एका दराने वाहते, खर्च होते किंवा साठते, तिथे तिथे हेच वाचन लागू पडते : चढ पाहिला की बदल कळतो, क्षेत्रफळ मोजले की साठा कळतो. पुढे अभियंता होणाऱ्या, शेती करणाऱ्या, एसटी चालवणाऱ्या किंवा धरणाच्या दरवाजावर काम करणाऱ्या मुलाला हे ज्ञान सारखेच उपयोगी आहे. म्हणून क्षेत्रफळ म्हणजे अंतर का, या प्रश्नाचे उत्तर ज्या दिवशी वर्गातले प्रत्येक मूल स्वतःच्या शब्दांत देईल, त्या दिवशीच हा धडा संपला असे शिक्षकांनी समजावे. त्याआधी पुढच्या प्रकरणाची घाई करू नये.